गिधाडं गेली त्या वर्षांचा हिशेब

 

दर वेळी आम्ही इथं बचत, कर्ज, शेळीपालन, मसाला, पापड यांवर बोलतो. आज गिधाडांवर बोलणार आहोत. नाक मुरडू नका. गिधाड म्हटलं की आपल्याला शिवीच आठवते. कुणी मेलेल्याच्या इस्टेटीवर टपून बसलं, की आपण त्याला गिधाड म्हणतो. पण या पाखराचं आणि आपल्या गोठ्याचं एक नातं होतं. ते तुटलं, आणि तुटताना माणसं घेऊन गेलं. किती माणसं, हे अगदी अलीकडे, २०२४ साली, दोन अर्थशास्त्रज्ञांनी मांडलं.

आम्ही या विषयाकडे कशा आलो ते आधी सांगतो. गेल्या उन्हाळ्यात एका वाडीवरच्या गटाच्या बैठकीला गेलो होतो. त्या गटातल्या एका ताईंची म्हैस मेली होती. गटाच्या कर्जातूनच घेतलेली. दोन हप्ते बाकी. तीन दिवस ताप, पाय लटपटत होते, इंजेक्शनं झाली, पण म्हैस गेली. पुरायचं तर जेसीबी लागणार आणि त्याचे पैसे कुठून आणायचे? शेवटी ट्रॅक्टरला बांधून ओढत नेली आणि ओढ्यापलीकडं टाकली. चौथ्या दिवशी त्या वासावर कुत्री जमली. वाडीतली, शेजारच्या गावातली, कुठली कुठली. आठवड्यानं त्यातलं एक कुत्रं शाळेच्या वाटेवर एका पोराला चावलं. आईनं आधी जखमेवर चुना-हळद भरली, मग दवाखान्यात नेलं. तिथं लस संपली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरीकडं नेलं. पोरगं नीट आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागणार नाही.

तर बैठकीत आधी कर्जाचं बोलणं झालं, मग कुत्र्यांचं. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "पयलं असं नव्हतं. ढोर टाकलं की सांजेपर्यंत नुसती हाडं ऱ्हायची. गिधाडं कुठं गेली गं समदी?"

कुणालाच उत्तर येईना. विशीतल्या पोरींनी तर गिधाड कधी बघितलंच नव्हतं. आम्हाला लहानपणीचं अंधूक आठवत होतं. माळावरच्या झाडावर खांदे पाडून बसलेली मोठाली पाखरं, आणि आई म्हणायची, तिकडं जाऊ नका. आमच्यातल्या एकीनं इतिहास घेऊन बी.ए. केलं आहे. तिनं राजे, लढाया, तह सगळं पाठ केलं होतं. आपल्याच माळावरून एवढं मोठं पाखरू नाहीसं झालं, हा इतिहास तिच्या पुस्तकात कुठंच नव्हता. मग आम्ही विचारायला लागलो. तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांना, महाविद्यालयातल्या प्राध्यापिकाबाईंना. त्यांनी इंग्रजीतले लेख समजावून सांगितले. त्यातून जे हाती आलं ते हे.

आधी गिधाड काय काम करायचं ते बघू. एका मेलेल्या गाईवर गिधाडांचा थवा बसला की तासाभरात नुसता सांगाडा उरायचा. त्यांच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल असतं की कुजक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथंच मरतात. आपल्या देशात १९८० च्या सुमाराला काही कोटी गिधाडं होती, चार कोटींपर्यंत असावीत असा अंदाज सांगतात. आणि गुरं तर जगात सगळ्यात जास्त आपल्याकडे. एवढी गुरं मरणार, आणि ती उचलायला ना नगरपालिका, ना ग्रामपंचायत. हे काम आकाशातून फुकट होत होतं.

इथं एक गोष्ट मध्येच सांगायला हवी, नाहीतर हिशेब खोटा होईल. ढोर गावाबाहेर ओढून नेण्याचं काम गिधाड करत नव्हतं. ते गावानं माणसांवर लादलं होतं, जातीच्या नावानं. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं, मेलेली ढोरं ओढणं सोडा, मेलेल्याचं मांस खाणं सोडा. लोकांनी सोडलं, गावाचा राग सोसून सोडलं. त्यानंतर मेलेल्या ढोराचं काय करायचं याचा विचार गावानं करायला हवा होता. गावानं तो केला नाही. ढोर कसंबसं ओढ्याकाठी पोचवायचं, आणि पुढचं गिधाडांवर सोडायचं. ना त्या माणसांना कधी मोल दिलं, ना या पाखरांची कधी आठवण ठेवली.

आता पाखरं जायला कधी लागली? राजस्थानात भरतपूरला केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. तिथं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संशोधक डॉ. विभू प्रकाश गिधाडांची घरटी मोजत होते. १९८० च्या दशकात त्यांनी साडेतीनशेच्या आसपास जोड्या मोजल्या. १९९६ च्या सुमाराला ते परत मोजायला गेले तर निम्म्याहून कमी. मेलेली गिधाडं झाडाला लटकलेली, घरट्यात पडलेली. जिवंत होती ती मान खाली घालून दिवसेंदिवस बसून राहायची, आणि मग फांदीवरून पडायची. पुढच्या काही वर्षांत घरटी रिकामी झाली.

मग देशभर मोजणी झाली. गाडीतून रस्त्यानं जायचं आणि दिसतील ती गिधाडं मोजायची, दर वेळी त्याच रस्त्यानं. यात हुशारी कसली, असं वाटेल. पण आपण गटात दर महिन्याला त्याच तारखेला तेच रजिस्टर भरतो, म्हणून तर गेल्या वर्षीशी तुलना करता येते. तसंच हे. त्या रजिस्टरातून जे दिसलं ते भयंकर होतं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातलं एक उरलं. लांब चोचीची आणि निमुळत्या चोचीची, ती शंभरातली तीनेक उरली.

शेवटच्या वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं दरसाल शंभरातली चव्वेचाळीस कमी होत होती. चक्रवाढ व्याज आपल्याला पाठ आहे. हे उलटं चक्रवाढ. पहिल्या वर्षी शंभर, दुसऱ्या वर्षी छप्पन्न, मग एकतीस, मग अठरा, दहा, साडेपाच, तीन. सहा वर्षांत खातं बंद. आणि भरणा काय? गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, तेही चार-पाच वर्षांची झाल्यावर. काढणं एवढं आणि भरणं एवढंसं. हे खातं पुन्हा भरायला पिढी जाईल.

कारण काय, यावर लोक काय काय बोलत होते! कुणी म्हणे झाडं तोडली म्हणून, कुणी म्हणे गुरं कमी झाली म्हणून. शास्त्रज्ञांना बराच काळ वाटलं, काहीतरी विषाणूची साथ असावी. आमच्या आजींचा अंदाज वेगळा होता. त्या म्हणाल्या, "काहीतरी औषधानंच मेली असतील. पिकावर मारत्यात तसल्या." त्या पिकावरच्या औषधावर थांबल्या. औषध म्हणाल्या ते मात्र बरोबर निघालं. शास्त्रज्ञांना तिथं पोचायला काही वर्षं लागली, आणि तोवर दरसालचे चव्वेचाळीस चालूच होते.

उत्तर मिळालं पाकिस्तानातल्या पंजाबात. अमेरिकेचे पशुवैद्यक संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांचे साथी तिथं मेलेली गिधाडं तपासत होते. पोट उघडलं की काळजावर, यकृतावर खडूसारखा पांढरा लेप. मूत्रपिंड काम करायचं थांबलं की युरिक आम्ल असं साचतं. विषाणू शोधला, मिळाला नाही. कीटकनाशक शोधलं, नाही. शिसं, नाही. मग त्यांनी एक साधं काम केलं, जे आम्हाला सगळ्यात आवडलं. गुरांच्या डॉक्टरांना आणि औषधाच्या दुकानदारांना जाऊन विचारलं. गुरांना हल्ली नवीन काय देता, सगळीकडे मिळतं असं काय आहे, मूत्रपिंडाला घातक असं काय आहे? एक नाव पुढं आलं. डायक्लोफिनॅक.

मैत्रिणींनो, हे नाव तुम्हाला माहीत आहे. गुडघे दुखले, कंबर धरली की मेडिकलवाला ज्या गोळ्या देतो, जो मलम देतो, त्यातलं हे औषध. माणसाला चालतं, गाईलाही चालतं. गिधाडाचं मूत्रपिंड मात्र त्यानं दोन-तीन दिवसांत बंद पडतं. संशोधकांनी मूत्रपिंड निकामी होऊन मेलेली २५ गिधाडं तपासली, पंचवीसच्या पंचवीसांत हे औषध सापडलं. दुसऱ्या कारणानं मेलेली १३ तपासली, एकातही नाही. मग हे औषध दिलेल्या जनावराचं मांस गिधाडांना खाऊ घालून पाहिलं. तोच पांढरा लेप. २००४ च्या सुरुवातीला हे 'नेचर' या नियतकालिकात छापून आलं.

हे औषध आपल्या गोठ्यात आलं कसं? माणसांसाठी ते पूर्वीपासून होतं, पण महाग होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या पेटंटची मुदत संपली, अनेक कंपन्या ते बनवायला लागल्या, किंमत कोसळली. १९९४ च्या आसपास ते गुरांना देणं सुरू झालं. गाय लंगडते, कासदाह झालाय, ताप उतरत नाही, द्या इंजेक्शन. स्वस्त, आणि गुण लगेच. ज्या बाईनं आपल्या दुखणाऱ्या गाईसाठी ते आणलं, तिचा यात काय दोष? गाईचं दुखणं थांबवणं हा काही गुन्हा नाही. तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

आम्हाला एक शंका आली, तुम्हालाही आली असेल. सगळ्याच गुरांना थोडंच इंजेक्शन देतात? आणि इंजेक्शन दिलेलं प्रत्येक जनावर थोडंच मरतं? मग सगळी गिधाडं कशी मेली?

हा गणिताचा प्रश्न आहे आणि तो ऱ्हिस ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ सालीच सोडवला. ते गणित आम्ही गटात पाटीवर मांडून बघितलं, तुम्हीही मांडा. समजा, गिधाड दर तिसऱ्या दिवशी जेवतं. म्हणजे वर्षात सव्वाशेच्या आत-बाहेर मढी. समजा, अडीचशे मढ्यांत एकच विषारी आहे. उरलेली दोनशे एकोणपन्नास चांगली. तरी दोन वर्षांत त्या गिधाडाची अडीचशे जेवणं होतात. एकदा तरी विषारी ताट समोर येण्याची भीती किती मोठी झाली बघा. आणि गिधाड एकटं जेवत नाही. एका मढ्यावर पन्नास-पन्नास बसतात. एका म्हशीच्या अंगातलं एक इंजेक्शन अख्खी पंगत घेऊन जातं. ग्रीन यांच्या हिशेबात असं निघालं की शेकडा एकाहूनही कमी मढी विषारी असली, तरी गिधाडं ज्या वेगानं संपली त्या वेगानं संपू शकतात. नंतर आपल्या देशात खरोखरच्या मढ्यांचे नमुने तपासले, तेव्हा शंभरातल्या दहांत हे औषध निघालं. पुरे होतं त्याच्या दहापट.

२००६ साली भारत, पाकिस्तान आणि नेपाळ, तिघांनीही गुरांसाठी हे औषध बंद केलं. त्याच वर्षी दुसरं एक औषध, मेलॉक्सिकॅम, गिधाडांना अपाय करत नाही हे प्रयोगांनी दाखवलं. तेही दुखण्यावर आणि तापावर चालतं. म्हणजे गाईला तडफडत ठेवा असं कुणीच म्हणत नव्हतं.

पण कागदावरची बंदी आणि बाजार यांत अंतर असतं, हे आपल्याला दारूबंदीपासून ठाऊक आहे. गुरांचं बंद झालं, माणसांचं चालू होतं, आणि तेही मोठमोठ्या बाटल्यांत. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर लागतं, बाटली ३० ची. उरलेलं कुणासाठी, हे सांगायला नको. म्हणून २०१५ साली एका डोसापेक्षा मोठी बाटली विकायला बंदी झाली. तोवर दुसरी औषधं आली होती. ॲसिक्लोफिनॅक गाईच्या पोटात गेलं की त्याचं डायक्लोफिनॅकच होतं. किटोप्रोफेनही गिधाडाला मारतं. ही दोन्ही गुरांसाठी २०२३ साली बंद झाली. निमेसुलाइड २०२४ च्या अखेरीस. बांगलादेशानं किटोप्रोफेन आपल्या दोन वर्षं आधी बंद केलं होतं, हे नोंदवून पुढं जाऊ.

आता माणसांकडे येऊ.

गिधाडं गेली, पण मढी पडायची थांबली नाहीत. ती ताटं दुसऱ्यांनी पळवली. कुत्र्यांनी आणि उंदरांनी. गिधाड माणसाला चावत नाही. कुत्रं चावतं. २००८ साली अनिल मार्कंड्य आणि त्यांच्या सोबतच्या अभ्यासकांनी मांडलं की गिधाडं कमी झाल्यामुळे देशात निदान ५५ लाख कुत्री वाढली असावीत, आणि १९९२ ते २००६ या काळात त्यामुळे पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगानं सुमारे ४८ हजार जास्त माणसं मेली असावीत. हा रोग एकदा डोक्यात चढला की माणूस वाचत नाही. ज्यांनी घरात बघितलाय, त्यांना पाण्याचा पेला बघून ओरडणारा माणूस विसरता येत नाही.

मुंबईत मलबार हिलवर पारशी लोकांची डुंगरवाडी आहे. त्यांच्या धर्मात देह गिधाडांना देतात, माती आणि अग्नी विटाळू नये म्हणून. गिधाडंच उरली नाहीत. मग त्यांनी उन्हाची उष्णता एकवटणारे आरसे बसवले. किती शतकांची रीत, पंधरा-वीस वर्षांत अडली. आम्हाला हे ऐकून वाईट वाटलं. आपल्या माळावरचं पाखरू दुसऱ्या कुणाच्या अंतिम संस्काराचं होतं, हे आम्हाला कधी माहीतच नव्हतं.

आणि मग तो २०२४ चा अभ्यास. शिकागो विद्यापीठाचे एयाल फ्रँक आणि वॉरिक विद्यापीठाचे अनंत सुदर्शन यांचा. त्यांना कुत्र्यांपुरतं थांबायचं नव्हतं. मढी कुजली की ओढ्याचं पाणी नासतं, विहिरी नासतात, जुलाब होतात, उंदीर वाढतात. हे सगळं मिळून किती? पण कुणाच्याही मृत्यूच्या दाखल्यावर 'गिधाड नसल्यामुळे' असं लिहीत नाहीत. जुलाब लिहितात, ताप लिहितात. मग मोजायचं कसं?

त्यांची युक्ती आपल्या कामात रोज लागते, म्हणून सावकाश सांगतो. समजा दोन गट आहेत, दोन्हींची बचत वर्षानुवर्षं सारखी चाललीय. एका गटाला पिठाची गिरणी मिळाली, दुसऱ्याला नाही. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, दोघींचीही बचत घटली. गिरणीचा उपयोग झाला की नाही हे पाहायचं तर नुसता एका गटाचा आकडा बघून चालणार नाही. दुष्काळ दोन्हीकडे होता, तो वजा होतो. दोघींतला फरक आधी किती होता आणि नंतर किती झाला, ते बघायचं. फ्रँक आणि सुदर्शन यांनी जिल्ह्यांचं हेच केलं. एका बाजूला पूर्वी गिधाडं भरपूर असलेले जिल्हे, दुसऱ्या बाजूला गिधाडं मुळातच फारशी नसलेले. १९९४ च्या आधी दोन्हीकडचा मृत्युदर बरोबरीनं चालत होता. त्यानंतर फाटा फुटला. जिथं गिधाडं असायची तिथं माणसं जास्त मरायला लागली, जिथं पूर्वी शंभर मरत होती तिथं एकशेचारहून जास्त. त्या जिल्ह्यांत कुत्र्यांची संख्या जास्त, पिसाळीच्या लसीचा खप वाढलेला, पाण्यात घाणीचे जंतू जास्त.

२००० ते २००५ या पाच वर्षांत मिळून सुमारे पाच लाख माणसं. गिधाडं असती तर जी वाचली असती अशी.

त्यांनी याचं पैशातही मोल केलंय, वर्षाला जवळपास ७० अब्ज डॉलर. तो आकडा आमच्या गटात वाचला तेव्हा कुणी मान वर केली नाही. पाच लाख ऐकलं तेव्हा मात्र शांतता झाली. आमच्या तालुक्याची सगळी माणसं मोजली तरी तेवढी होत नाहीत.

हा अंदाज आहे, एकेक नाव मोजलेलं नाही, हे आम्ही लपवणार नाही. आणि जास्त मृत्यू कुठं झाले? जिथं शहर आहे आणि गुरंही भरपूर आहेत, मढी टाकायच्या जागा वस्तीला खेटून आहेत, तिथं. म्हणजे आपल्या वाडीवर तेवढाच फरक पडला असेल असं म्हणता येणार नाही. पण ओढ्यापलीकडली म्हैस आणि शाळेच्या वाटेवरचं पोरगं आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकली. या सगळ्या अभ्यासांत डॉक्टरांना विचारलं, दुकानदारांना विचारलं, नकाशे पाहिले. गोठ्यातली बाई कुठं दिसली नाही. गुराला इंजेक्शन कधी दिलं, कितव्या दिवशी ते मेलं, कुठं टाकलं, हे घरात सगळ्यात नीट तिला माहीत असतं. आमच्या आजींना कुणी १९९८ साली विचारलं असतं तर!

आता गिधाडं कुठं आहेत? अगदीच संपली नाहीत. हरियाणात पिंजोरला त्यांची पैदास करणारं केंद्र आहे. तिथली काही पाखरं जानेवारी २०२४ मध्ये आपल्या ताडोबात आणि पेंचमध्ये आणली. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातलं चिरगाव गिधाडांसाठी ओळखलं जातं. तिथल्या लोकांनी घरट्यांची झाडं जपली. नाशिकच्या हरसूल भागात आणि गडचिरोलीत वनखातं आणि गावकरी यांनी मिळून 'गिधाड उपाहारगृह' सुरू केलं. नाव ऐकून हसू येतं, पण काम गंभीर आहे. औषध न दिलेलं मेलेलं जनावर ठरलेल्या जागी ठेवायचं आणि पाखरांना निर्धास्त जेवू द्यायचं.

आपल्याकडे गिधाडं दिसत नाहीत, मग आपण काळजी कशाला करायची, असं एक ताई म्हणाल्या. गिधाड जेवणासाठी शंभर-शंभर किलोमीटर उडतं, ताई. जिथं ते जगलंय तिथून आपला माळ फार लांब नाही.

म्हणून आम्ही पशुसखींबरोबर बसलो. त्यांच्या पिशवीतल्या बाटल्या एकेक बाहेर काढून नावं वाचली. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, किटोप्रोफेन, निमेसुलाइड, ही चार नावं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून प्रत्येक गोठ्याच्या भिंतीवर लावायला दिली. मेलॉक्सिकॅम वेगळ्या रंगात खाली. गुरांचे डॉक्टर आले की विचारायचं, "दादा, यातलं कुठलं देताय?" पहिल्या वेळी एका डॉक्टरांना राग आला. दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच बाटली पुढं केली. आणि कुत्रं चावलं तर हळद नाही, चुना नाही, तिखट तर नाहीच नाही. नळाखाली किंवा तांब्यानं पाणी ओतत साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस, सगळे डोस पुरे होईपर्यंत. एका दवाखान्यात नसली तर दुसऱ्यात. त्या पोराच्या आईनं दोन्हीकडच्या वाटेला स्वतःच्या खिशातून पैसे घातले.

त्या ताईंच्या म्हशीचं पुढं काय झालं, हे विचारणाऱ्या काहीजणी असतील. गटानं ते दोन हप्ते सहा महिने पुढं ढकलले. आणि गटाच्या रजिस्टरात एक नवं पान केलंय. जनावर कधी मेलं, शेवटच्या दोन-तीन दिवसांत कुठलं इंजेक्शन झालं, कुठं पुरलं किंवा टाकलं. पहिली नोंद त्याच म्हशीची. इंजेक्शनच्या रकान्यात ताईंनी सांगितलं, "लाल टोपणाची बाटली होती, नाव नाही वाचलं." आम्ही तसंच लिहून ठेवलंय. आतापर्यंत सात नोंदी झाल्यात. पाचव्यापासून पुढं औषधाचं नाव आहे.